थांबा वंश, टिंब नाही

१

बुधवारी सव्वादहाला टिंबताई कामावर पोचल्या, तेव्हा कादंबरीचं शेवटचं प्रकरण चोरीला जाऊन सव्वातीन तास झाले होते आणि चोरीचा माल चाळीस हजार माणसं चहा पिता पिता वाचत होती.

चोरी म्हणावी, तर कागद जागच्या जागी. हस्तलिखित थोरल्यांच्या लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली थोरल्यांच्या खिशात. ती तिथेच आहे ना, हे ते दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होते. पण सकाळी सातला ‘शेवटचं पान’ नावाच्या एका खात्यावर, जे आदल्या संध्याकाळपर्यंत जन्मालाही आलं नव्हतं, अठरावं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत झळकलं होतं. खुनी कोण, ते आता शेजारपाजारच्यांनाही ठाऊक झालं होतं. पुस्तक दुकानांत यायचं होतं शनिवारी.

प्रकाशनसंस्था जुनी, मालक दोघे भाऊ. थोरल्यांकडे पुस्तकं. धाकट्यांकडे गेल्या दोन वर्षांपासून ‘बाकीचं जग’, म्हणजे सोशल मीडियावरची पानं, व्हिडिओ, लेखकांच्या मुलाखतींचे तुकडे. थोरल्यांचं म्हणणं, पुस्तक चांगलं असलं की वाचक चालत येतो. धाकट्यांचं म्हणणं, वाचक आता चालत नाही, अंगठ्याने सरकतो, तेव्हा आपणच त्याच्या अंगठ्याखाली जाऊन बसायला हवं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, म्हणूनच त्या इमारतीत दुपारच्या जेवणापलीकडे शांतता नसे.

आणि ज्यांचं प्रकरण गेलं त्या लेखिकाबाई. बारा रहस्यकथांच्या धनीण. त्यांची अट एकच होती: पुस्तक दुकानात जाईपर्यंत शेवटचं प्रकरण नेट असलेल्या कुठल्याही यंत्रावर चढायचं नाही. त्यांनी नऊ वाजता फोन केला होता. आवाज चढवला नाही, हेच वाईट. चार वाजेपर्यंत गुन्हेगाराचं नाव जाहीर करा, नाहीतर हे पुस्तक परत द्या आणि आधीची अकराही, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

टिंबताई तिथल्या मुद्रितशोधक. सव्वीस वर्षं लोकांचे अनुस्वार शोधण्यात गेली, म्हणून नाव टिंबताई. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात संस्थेतल्या प्रत्येकाचं स्वतंत्र पान, आणि पानावर त्याच्या त्याच्या चुका. माणूस सही बदलेल, चेहराही बदलेल, पण चूक बदलत नाही, असा त्यांचा अनुभव होता. थोरले आयुष्यभर ‘चूक’ हा शब्दच चुकीचा लिहीत आले होते, ऱ्हस्व उकाराने.

थोरल्यांच्या खोलीचं दार उघडलं. टिंबताईंना त्यांनी बसायला सांगितलं नाही. सव्वीस वर्षांत प्रथमच.

“वाचकबाई आज का आल्या नाहीत?” त्यांनी विचारलं.

वाचकबाई म्हणजे टिंबताईंची नणंद.

२

प्रूफ तपासायची त्या घरातली रीत जुनी होती. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापील प्रूफावर नजर आणि पेन्सिल फिरवायची. मोठ्याने वाचणाऱ्या त्या वाचकबाई. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे आवाज खणखणीत होता. शिवाय पाठांतर असं, की महिन्यापूर्वी वाचलेलं पान त्या भाजी निवडताना सहज म्हणून दाखवत. पगारी नव्हत्या, कामापुरत्या बोलावलेल्या. टिंबताईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. तो गेल्यावर दोघीच एका घरात राहिल्या, आणि भांडायला तिसरं कुणी नाही म्हणून एकमेकींना धरून राहिल्या.

थोरल्यांनी टेबलावर बोट ठेवून आपला हिशोब मांडला. खिळेमास्तरांनी, म्हणजे अक्षरजुळणीच्या माणसाने, प्रकरण नेट नसलेल्या यंत्रावर टाइप केलं, थोरले स्वतः शेजारी बसलेले असताना. टाइप करताना मास्तरांच्या हातून एक वाक्य गळलं. सोमवारी टिंबताईंनी ते पकडलं, लेखिकाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या राहू दे, नसलेलंच बरं. म्हणजे ते वाक्य टाइप केलेल्या मजकुरात कधीच नव्हतं. फक्त हस्तलिखितात होतं.

“आणि या चोराकडे ते आहे,” थोरले म्हणाले. “म्हणजे मास्तर सुटले. चोरी हस्तलिखितावरून झाली. हस्तलिखित माझ्या कपाटात होतं आणि सोमवारी तीन तास वाचकबाईंच्या हातात. तुम्ही मध्ये पाणी आणायला गेलात, तेव्हा पंधरा मिनिटं त्या एकट्या होत्या.”

टिंबताई म्हणाल्या, की सगळ्यांचे फोन बाहेर डब्यात होते. वन्संचा फोन तर बटणांचा, त्यात फोटोच निघत नाही.

“त्यांना फोटो कशाला लागतो?” खिडकीपाशी उभे असलेले धाकटे हातातल्या फोनवरून नजर न काढता म्हणाले. “पान डोक्यात ठेवून घरी नेलं असेल. ताई, लोक विचारतायत. नाव द्यायला लागेल. चारला निवेदन टाकतोय मी. नियमाप्रमाणे आधी तुमच्याकडे येईलच शुद्धलेखनाला.”

नियम खरा होता. टिंबताईंनी कोपऱ्यात ‘छापा’ लिहून सही केल्याखेरीज त्या घरातून एक ओळही बाहेर जात नसे. पुस्तक असो, पाटी असो, की धाकट्यांची पोस्ट.

त्या बाहेर आल्या. प्रूफखोलीच्या दारावर धाकट्यांनी लावलेली सूचना होती: ‘मोबाईल आणि घड्याळे बाहेरील डब्यात ठेवावीत.’ तिच्यातली एक वेलांटी टिंबताईंनीच मागे पेन्सिलीने सुधारली होती. नवी सूचना लागली तेव्हा पुन्हा सुधारली होती.

वन्संना सकाळी फोन करून कुणीतरी सांगितलं होतं, आज येऊ नका. त्या डबा भरून, साडी नेसून, घरी बसून होत्या.

३

टिंबताईंनी चोरीचं प्रकरण छापून मागितलं. पडद्यावर त्यांना वाचता येई, पण पकडता येत नसे. तेरा पानं आली. त्यांनी पेन्सिल टोकदार केली आणि जसं काही ते उद्या छापायलाच जायचंय अशा थाटात वाचायला बसल्या.

पहिल्याच पानावर त्या अडखळल्या. वाक्य होतं: ‘त्याच दिवशी तिचा धीर तुरुंगातून सुटला.’

पोस्टखाली दोनशे लोकांनी या वाक्यावर जीव ओवाळून टाकला होता. धीर तुरुंगातून सुटतो, काय कल्पना आहे, एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने ते वाक्य सूर्यास्ताच्या फोटोवर छापून वाटलं होतं. टिंबताईंना मात्र मूळ वाक्य आठवत होतं. सुटला होता तो दीर. नवऱ्याचा भाऊ. चोरीच्या खटल्यात तीन वर्षं काढून.

त्या पेन्सिल चावत विचार करू लागल्या. डोळ्याच्या चुका वेगळ्या असतात, कानाच्या वेगळ्या. बघून उतरवणारा घ आणि ध यांच्यात फसतो, भ आणि म यांच्यात फसतो. द आणि ध यांच्यात फसतो तो कान. हे प्रकरण कुणी बघून टाइप केलेलं नव्हतं. ऐकलेलं होतं.

पुढे ‘मृत्युपत्र’ तुटून ‘मृत्यू पत्र’ झालं होतं. ‘साडेसात’ होतं तिथे आकडे आले होते. आणि तरीही ऱ्हस्व-दीर्घ एकूण एक बरोबर. एवढं शुद्ध माणूस लिहीत नाही. एवढं शुद्ध आणि एवढं खुळं लिहितं ते बोललेलं टिपून घेणारं यंत्र. फक्त चार ठिकाणी वेलांटी चुकली होती. त्यांनी सवयीने चार गोल केले आणि पुढे गेल्या.

चौथ्या पानावर आलं: ‘तिने दार लावलं पूर्ण.’ सातव्यावर: ‘कुणी बोललं नाही पूर्ण.’

वाचकांनी याचंही कौतुक केलं होतं. लेखिकाबाईंची नवी शैली, म्हणे. वाक्याला शेवटी एक धक्का देतात.

टिंबताईंनी दोन्ही ‘पूर्ण’खाली रेघ ओढली. लेखिकाबाई असं जन्मात लिहिणार नाहीत. पण प्रूफखोलीत मोठ्याने वाचताना विरामचिन्हंही बोलायची असतात. स्वल्पविराम आला की म्हणायचं ‘स्वल्प’, वाक्य संपलं की ‘पूर्ण’. चोराने जवळजवळ सगळे ‘पूर्ण’ काढून तिथे टिंबं दिली होती. हे दोन त्याच्या नजरेतून निसटले होते.

म्हणजे यंत्राने जे ऐकलं, ते त्याच खोलीतलं सोमवारचं वाचन होतं. आणि तो आवाज एकाच माणसाचा होता.

वन्सं निर्दोष आहेत हे सिद्ध करायला त्या बसल्या होत्या, आणि पहिला पुरावा हाताला लागला तो वन्संच्याच आवाजाचा. घड्याळात बारा वाजून गेले होते.

४

खिळेमास्तर भिंतीपलीकडच्याच खोलीत बसत. एके काळी शिशाचे खिळे जुळवायचे, आता माऊस हलवायचे. नाव मात्र खिळ्यांचंच राहिलं. त्यांच्या पानावर वहीत एकच चूक होती. घाईत असले की ओळ गाळायचे.

सोमवारी भिंतीतून काही ऐकू आलं का, असं टिंबताईंनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, सगळंच. खुनी कोण ते मला टाइप करतानाच कळलं होतं, पण त्या दिवशी मजा आली ती तुम्हा दोघींची ऐकून. वाचकबाईंना खोकला फार झालाय, आलं-मध द्या. मध्येच तुमचं ‘थांबा’, मग त्यांचं ‘काय गं’, नि परत गाडी सुरू. मास्तरांना वाटत होतं, टिंबताई उगीच आल्या. आपल्यावर संशय नाही हे कळल्याचं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर पोस्टमास्तरीण होती. पत्रांशी संबंध नाही, संस्थेच्या सगळ्या पोस्टी टाकायची म्हणून हे नाव. पोरगी हुशार होती; सकाळपासून रडून डोळे लाल झालेले. टिंबताईंना बघून तिने कानावरचे हेडफोन काढले.

“ताई, मी नाही केलं.”

“मी विचारलंच नाही अजून,” टिंबताई म्हणाल्या. “लोक काय म्हणतायत ते दाखव.”

तिने पडदा वळवला. खुन्याबद्दल लोक सकाळी नऊपर्यंतच बोलले होते. आता सगळा गोंधळ एका ओळीवर चालू होता. अकराव्या पानावर, मृत्युपत्र उघडल्यावर, कुणाच्याही तोंडी नसलेलं एक वाक्य मध्येच आलं होतं: ‘थांबा वंश टिंब नाही.’

कादंबरी वारसाहक्काची, तेव्हा लोकांनी अर्थाची खाण उघडली होती. वंश थांबतो पण पूर्णविराम मिळत नाही, असं एका प्राध्यापकाने चौदा परिच्छेदांत समजावलं होतं. कुणी मृत्युपत्रातलं गहाळ टिंब शोधत होतं. त्या ओळीचे टी-शर्ट विकायला निघाले होते.

टिंबताई ती ओळ बघत राहिल्या. मग एकदम शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

त्या आवाजाची जगात एकच मालकीण होती, आणि ती त्या स्वतः. ‘हातांत’ या शब्दावरचा अनुस्वार प्रूफात गळला होता, म्हणून त्यांनी वाचन थांबवलं होतं. थांबा, वन्सं. टिंब नाही.

यंत्राला ‘वन्सं’ कोण, हे ठाऊक नव्हतं. नणंदेला अशी हाक मारतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने जवळचा शब्द उचलला.

५

म्हणजे वन्संनी पाठ म्हणून दाखवलं, ही धाकट्यांची गोष्ट तिथेच मोडली. पाठ म्हणणारी बाई भावजयीने मारलेली हाक कशाला म्हणेल? खोलीत तेव्हा ऐकणारं काहीतरी होतं, दोघींचे आवाज टिपणारं. आणि फोन तर डब्यात होते.

“एक सोडून,” टिंबताई म्हणाल्या.

पोस्टमास्तरणीचा चेहरा उतरला. तो फोन तिचाच होता, म्हणजे ऑफिसचा. सोमवारी तिने तो स्टँडवर लावला होता. धाकट्यांची कल्पना. ‘कुलूपबंद प्रकरण’ नावाचा तीन तासांचा व्हिडिओ: टेबल, चार हात, पेन्सिल, वर मंद संगीत. हल्ली लोक असले व्हिडिओ लावून अभ्यास करतात, झोपतात. आपण रहस्य किती जपतो तेही दिसेल, असं धाकटे म्हणाले होते.

“पण ताई, आवाज मी काढला. तुमच्यासमोर शपथ घेतली होती. आधी व्हिडिओ चढवला, मग साइटवरच आवाज पुसून संगीत घातलं, मग मंगळवारी दुपारी सगळ्यांना दिसेल असा केला. लावून बघा, एक शब्द ऐकू येणार नाही.”

टिंबताईंनी तिला व्हिडिओ लावायला सांगितला. खरंच, नुसती बासरी. त्यांना एकदम घरचा टीव्ही आठवला. वन्सं आवाज मोठा करूनही थकल्या, तेव्हापासून खालच्या सबटायटलवर मालिका बघत. ती सबटायटलं यंत्र आपोआप टिपायचं आणि काहीच्या बाही टिपायचं. वन्सं त्यावर गोष्टीपेक्षा जास्त हसायच्या.

“याला खालच्या ओळी लाव,” त्या म्हणाल्या. “ऐकू न येणाऱ्या माणसाला दिसेल तसा दाखव.”

मुलीने बटण दाबलं. काही आलं नाही. मग टिंबताईंनी दुसरा व्हिडिओ लावायला सांगितला, मागच्या महिन्यातला. त्याला होत्या. तिसऱ्याला होत्या. साइट प्रत्येक व्हिडिओला आपणहून देतेच, मुलगी म्हणाली, आणि बोलता बोलता थबकली.

“म्हणजे यालाच का नाहीत?”

“कारण होत्या,” टिंबताई म्हणाल्या. “तू आवाज पुसलास, पण व्हिडिओ चढला तेव्हा आवाज होता. यंत्राने तेव्हाच सगळं लिहून घेतलं. आवाज गेला, लिहिलेलं राहिलं. मग ते कुणाला तरी सापडलं, त्याने उतरवून घेतलं आणि मागचं पुसून टाकलं. काढलं कधी, हे कुठे दिसतं का?”

मुलीची बोटं पळाली. नोंद सापडली. सबटायटलं काढली: आज, सकाळी सहा पन्नास. ‘शेवटचं पान’ उघडलं होतं सातला.

बाहेरच्या कुणाला ती काढताच आली नसती. खात्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोघांकडे होती. एक ही मुलगी. ती भिंतीला टेकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “ताई, आता मलाच धरतील ना?”

दुसऱ्याचं नाव घ्यायची तिची हिंमत नव्हती. टिंबताईंचीही नव्हती. नुसत्या संशयावर मालकाचं नाव घ्यायचं, तर मालकाच्याच खोलीत. दोन वाजले होते.

६

पावणेतीनला निवेदन आलं. धाकट्यांनी स्वतः टाइप केलेलं, एका पानाचं. वर चिठ्ठी: ‘लवकर बघून सही द्या.’

टिंबताई वाचू लागल्या. ‘आमच्या वाचकांची क्षमा मागून कळवतो की ही गळती आमच्याकडे बाहेरून येणाऱ्या एका वाचकबाईंकडून झाली आहे. त्यांच्यावर आम्ही विश्वास टाकला आणी त्यांनी तो मोडला.’

हे वाचून कुठल्याही माणसाला आधी रडू आलं असतं. टिंबताईंना आधी वेलांटी दिसली. सव्वीस वर्षांची खोड. शोकसंदेशातसुद्धा त्यांना आधी वेलांटी दिसे. ‘आणि’ची पहिली. धाकटे ती दुसरी देत. कायम. सूचनेत, चिठ्ठीत, स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा दिली होती. वहीतल्या त्यांच्या पानावर पहिल्याच ओळीला होतं: ‘आणी’.

पेन्सिल त्या अक्षरावर टेकली आणि तिथेच राहिली.

त्यांनी चोरीची तेरा पानं पुन्हा पुढे ओढली. चार गोल. चारही ‘आणी’. बाकी साठएक ठिकाणी तोच शब्द शुद्ध होता. यंत्र तो शब्द कधी चुकवत नाही. मग हे चारच का चुकले?

त्यांनी चारही वाक्यं हळू आवाजात म्हटली, आणि त्यांना खोकला ऐकू आला. वन्संचा, सोमवारचा. एकदा त्यांनी पाण्याचा पेला मागितला होता, एकदा खुर्ची मागे सरली होती. त्या चार जागी यंत्राला वाक्य लागलंच नव्हतं. तिथे नुसता कचरा आला असणार, आणि उतरवणाऱ्याने तो काढून आपल्या हाताने ठिगळ लावलं होतं. यंत्राचं कापड आणि माणसाचं ठिगळ. ठिगळावर टाका ओळखीचा होता.

आणि ‘थांबा वंश’ तसंच का राहिलं, तेही आता सरळ होतं. खिळेमास्तरांनी ते क्षणात ओळखलं असतं. भिंतीपलीकडून रोज ऐकतात. पोस्टमास्तरीण सोमवारी फोन लावायला आली, तेव्हा दोघींचं वाचन ऐकून गेली होती. ज्याने प्रूफखोलीत कधी पाऊल टाकलं नाही, त्यालाच ते कादंबरीतलं वाक्य वाटलं.

वही, तेरा पानं आणि निवेदन असं सगळं छातीशी धरून टिंबताई उठल्या. जिन्यात पोस्टमास्तरीण उभी होती, हातात फोन आणि त्यावर ती सहा पन्नासची नोंद. ती मागून चालू लागली.

७

थोरल्यांच्या खोलीत दोघे भाऊ होते. टिंबताई न सांगता बसल्या. त्यांनी दीर सांगितला, धीर सांगितला, ‘पूर्ण’ सांगितलं, खोकला सांगितला. मुलीने नोंद दाखवली. शेवटी टिंबताईंनी निवेदन आणि चोरीचं पान शेजारी शेजारी ठेवून दोन गोल दाखवले. आवाज एकदाही चढला नाही.

धाकटे हसले. असली चूक शंभर लोक करतात, म्हणाले.

“करतात,” टिंबताई म्हणाल्या. “पण त्या शंभरांकडे खात्याची किल्ली नाही.”

थोरल्यांनी भावाकडे बघितलं.

“ऑर्डरी बघितल्यास का तू?” धाकट्यांनी फोन पुढे केला. आता ते लपवत नव्हते. “सकाळपासून तिप्पट. बारा पुस्तकांत या बाईंबद्दल एवढं कुणी बोललं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी त्या ओळी दिसल्या. आधी मीच घाबरलो. मग वाटलं, उद्या कुणी ना कुणी काढणारच आहे, तर आपणच काढू. पुस्तक बुडवलं नाही मी, दादा. तरंगवलं.”

“आणि वाचकबाई?” टिंबताईंनी विचारलं.

“त्या काय, कामापुरत्या येतात. चार दिवसांत लोक विसरतात.”

थोरल्यांनी खिशातली किल्ली चाचपली. साडेतीन झाले होते. मग ते जे बोलले, त्याने टिंबताईंचं धाबं दणाणलं. म्हणाले, नावच नको कुणाचं. काहीतरी मोघम लिहू. तांत्रिक कारण वगैरे.

“साहेब, लेखिकाबाईंनी नाव मागितलंय, ते राहू द्या. मोघम लिहिलं, तर रिकामी जागा लोक भरतील. भरायला लागलेतही.” त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलीने वाचून दाखवलं: ‘ऐकलंय की कुणी बाई मोठ्याने वाचायला येतात म्हणे. त्यांचाच हात.’ दोन तासांपूर्वी आलेलं. कुणी लिहिलं, ते विचारायची गरज खोलीत कुणाला वाटली नाही.

“मी यावर ‘छापा’ लिहिणार नाही,” टिंबताई म्हणाल्या. “आणि मोघमावरही नाही. सव्वीस वर्षांत खोट्यावर सही केलेली नाही, माहीत असताना तर नाहीच. तुम्ही माझ्या सहीशिवाय टाकू शकता. मालक आहात. मग उद्यापासून मी येत नाही, आणि वही घेऊन लेखिकाबाईंकडे जाते.”

बाहेर फोन वाजत होता. पोस्टमास्तरणीने तो घ्यायला कुणी सांगतंय का, याची वाट पाहिली. कुणी सांगितलं नाही.

थोरल्यांनी कोरा कागद ओढला. टाइप नाही, हाताने. चार ओळी लिहिल्या आणि कागद टिंबताईंकडे सरकवला. ‘हे प्रकरण आमच्याच व्हिडिओतून बाहेर पडलं आणि आमच्याच घरातल्या माणसाने, माझ्या धाकट्या भावाने, ते पसरवलं. दुसऱ्या कुणाचाही यात हात नाही. हस्तलिखित वाचणाऱ्या बाईंबद्दल जे बोललं जातंय ते खोटं आहे. चुक आमची.’

टिंबताईंनी दोनदा वाचलं. मग ‘चुक’चा उकार दीर्घ केला, कोपऱ्यात ‘छापा’ लिहिलं आणि सही केली. चारला पाच मिनिटं होती. धाकटे उठून गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चारला लेखिकाबाईंचा फोन आला. थोरल्यांनी सगळं सांगितलं. मग लेखिकाबाईंनी विचारलं, ते ‘थांबा वंश’ कुणाचं? कळल्यावर म्हणाल्या, पुस्तक तुमच्याकडेच राहू दे, पण शनिवारचं विसरा. खुनी बदलते. सगळ्या जगाला खुनी माहीत आहे, अशी संधी मला परत मिळायची नाही. वाचायला त्याच बाई हव्यात, आणि खोलीत कॅमेरा नको.

साडेपाचला टिंबताई घरी पोचल्या. वन्सं तशाच नेसून बसलेल्या होत्या, सकाळचा डबा मांडीवर, टीव्ही बंद. शेजारणीच्या पुतणीने दुपारी सगळं सांगून टाकलं होतं.

“जाहीर केलं त्यात माझ्याबद्दल आलं का गं?” त्यांनी विचारलं. नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही.

“आलं. ‘खोटं आहे’ या शब्दांबरोबर आलं.” टिंबताईंनी कागदाची नक्कल त्यांच्या हातात दिली. वन्संनी ती डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली. मग डबा बाजूला ठेवला.

टिंबताईंनी त्यांना कानाशी जाऊन सगळं सांगितलं, खोकल्यासकट. ‘वंश’पाशी आल्यावर वन्सं हसायला लागल्या, आणि हसता हसता खोकायला लागल्या. पाणी पिऊन झाल्यावर भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं. या घरात पुढे कुणी नव्हतं, दोघींनाही ते ठाऊक होतं.

“तसं खरंच बोललं म्हणायचं ते यंत्र,” वन्सं म्हणाल्या. “पण टिंब नाही कसं? वंशावर आहे. वन्संवरही आहे. तुझ्या नजरेतून बरं सुटलं.”

टिंबताईंनी मान्य केलं, की सुटलं.

“लिही वहीत. तुझ्या पानावर.”

टिंबताईंचं स्वतःचं पान वहीत नव्हतं. त्यांनी शेवटचं कोरं पान काढलं, वर स्वतःचं नाव घातलं आणि ती चूक नोंदवली. वन्सं वाकून बघत होत्या. वाक्य संपलं तसं त्यांनी, सवयीने, घर दणाणेल अशा आवाजात म्हटलं, “पूर्ण.”